वेंगुर्ल्याच्या बंदरावर आगबोटीचं संग्रहालय हवं : महाराष्ट्र सागरी मंडळाला बेळगावहून खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई
आणि
मा. नगराध्यक्ष व सर्व सदस्य, वेंगुर्ले नगरपरिषद

महोदय,

बेळगावहून मुंबईला पत्र आलं म्हणजे ते सीमाप्रश्नाचंच असणार, असं तुमच्या कार्यालयात कुणाला वाटलं तर नवल नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आमच्या मनातून तर तो कधीच गेलेला नाही. आजचं मागणं मात्र वेगळं आहे. ते समुद्राचं आहे. डोंगरापलीकडच्या गावाचा समुद्राशी काय संबंध, असं कुणी विचारण्याआधी तेवढं सांगून टाकतो.

बेळगावला रेल्वे आली ती १८८० च्या दशकात. त्याआधी आमचं बंदर वेंगुर्लं. हिंडलगा, बाची, शिनोळी, मग चंदगडचा मुलूख, आंबोलीचा घाट आणि खाली सावंतवाडी, अशा त्या रस्त्यानं बैलगाड्यांच्या रांगा जायच्या. कॅम्पातल्या पलटणी याच वाटेनं वर आल्या. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची, देशावरचा माल खाली उतरायचा. आजही बेळगावात त्या रस्त्याला वेंगुर्ला रोडच म्हणतात, आणि त्याच्यावरच्या खड्ड्यांची बातमी दर पावसाळ्यात पेपरात असते. रेल्वे आल्यावर व्यापार तिकडे वळला, सोयरीक मात्र वळली नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत विचारा, दोन-चार घरं तरी अशी निघतील की ज्यांची आजी नाहीतर आई घाटाखालची. माझी आई वेंगुर्ल्याची. लग्नाआधी ती आपल्या थोरल्या भावाकडे मुंबईला जायची ती बोटीनं. नुसतं बोटीनं म्हटलं तरी त्या पिढीला कळतं की ती कोकणची आगबोट.

आता मूळ विषय.

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे इंग्लंडला होतो. ती ब्रिस्टल शहरात विमानाच्या भागांचं डिझाइन करते; बेळगावची बरीच मुलं आता या कामात आहेत. त्या शहरात, जुन्या गोदीत, ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ नावाची प्रवासी आगबोट जपून ठेवली आहे आणि तिच्याभोवती अख्खं संग्रहालय उभं आहे. इसाम्बार्ड किंगडम ब्रुनेल या इंजिनिअरनं ती घडवली. १९ जुलै १८४३ रोजी ती पाण्यात उतरली तेव्हा जगात तिच्याएवढं मोठं जहाज दुसरं नव्हतं. लांबी ३२२ फूट. महासागर ओलांडणारी मोठी जहाजं तोवर लाकडाची असत आणि आगबोट म्हटली की तिच्या दोन्ही अंगांना भली मोठी चाकं असत. हिचं सगळं अंग लोखंडी आणि ढकलायला मागे पंखा. एवढ्या मोठ्या जहाजात या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या पहिल्यांदा इथं. १८४५ मध्ये ती लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला पंधरा दिवसांच्या आत पोचली.

मी इंजिनिअर नाही. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर हात बसला, पुढे स्वतःचं लहानसं मशीन शॉप टाकलं, क्रँकशाफ्ट आणि पंपाचे भाग केले. त्यामुळे त्या जहाजाकडे मी पाहिलं ते लोखंडाच्या माणसाच्या नजरेनं, आणि या पत्रात जे सांगणार आहे त्यातलं अर्धं त्या नजरेतूनच आलेलं आहे.

जहाज सुक्या गोदीत आहे, म्हणजे ज्या गोदीत ते बांधलं त्याच गोदीत. पाण्याची रेघ जहाजाला जिथं लागते त्या उंचीवर सभोवार काचेचं छत टाकलंय आणि काचेवर बोटभर पाणी सोडलंय. वरून बघावं तर जहाज तरंगतंय. जिना उतरून काचेखाली गेलं की डोक्यावर पाणी हलताना दिसतं आणि समोर येतो तो जहाजाचा तळ, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं घडीव लोखंड. पत्र्यावर पत्रा चढवून मारलेले रिवेट, ओळीनं, हातानं ठोकायच्या काळातले. काही रिवेटांची डोकी झिजून सपाट झालीत. काही ठिकाणी पत्रा इतका खाल्ला गेलाय की जाळी पडली आहे आणि पलीकडचा अंधार दिसतो. एका जागी तर माझा पंजा आरपार गेला असता. ते बुजवून, पुट्टी भरून, रंग मारून चकचकीत करायचा मोह त्यांनी टाळलाय. जेवढं उरलं तेवढंच दाखवायचं, पण जेवढं उरलं त्यातलं कणभरही आता जाऊ द्यायचं नाही, असा तिथला खाक्या आहे.

आणि ते जाऊ न देण्याची व्यवस्था बघून मी थक्क झालो. इतकी वर्षं समुद्रात राहिलेल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं. वरून कितीही धुवा, खरवडा, रंगवा, आत बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि रंगाखालून गंज चालूच राहतो. उपाय एकच, हवेतली ओलच काढून घ्यायची. म्हणून काचेखालची ती सगळी जागा बंदिस्त आहे आणि मोठ्या यंत्रांतून कोरडी हवा नळ्यांवाटे थेट पत्र्यावर सोडली जाते. तिथली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पाच मिनिटांत माझे ओठ सुकले. जुलैत बेळगावात मशीन केलेला शाफ्ट तेल न लावता रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते, आणि आम्ही तर समुद्रापासून कितीतरी लांब. कोकणात काय होत असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे जहाज तिथं आलं कसं, तेही तुमच्या कामाचं आहे. ऑस्ट्रेलियाला माणसं नेऊन नेऊन ते थकलं, मग इंजिनं काढून त्याला शिडाचं कोळसावाहू जहाज केलं. १८८६ मध्ये केप हॉर्नच्या वादळात मार खाऊन ते दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर पोचलं आणि तिथंच पडलं. पुढची कित्येक वर्षं लोकर आणि कोळसा साठवायचं तरंगतं गोदाम. १९३७ साली तेही काम संपलं, तेव्हा एका खाडीत नेऊन, तळाला भोकं पाडून, उथळ पाण्यात बसवून टाकलं. तीस वर्षं कुणी विचारलं नाही. मग १९६७ साली इवन कॉर्लेट नावाच्या जहाजशास्त्राच्या एका जाणकारानं लंडनच्या ‘टाइम्स’ वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की असं जहाज तिकडे कुजत पडलंय, त्याची निदान पाहणी तरी करा. त्या पत्रातून माणसं जमली. जॅक हेवर्ड नावाच्या धनवंतानं खर्च उचलला. १९७० साली पाण्याखाली जाऊ शकणारा सपाट तराफा तळाखाली सरकवून जहाज उचललं गेलं. त्याच्या कुशीला वरपासून खालपर्यंत मोठी चीर गेली होती; बेटावरच्या लोकांनी घरातल्या जुन्या गाद्या आणून दिल्या आणि त्या चिरेत कोंबल्या. अशा अवस्थेत सारा अटलांटिक ओलांडून ते ब्रिस्टलला आलं. नदीच्या दोन्ही काठांवर माणसंच माणसं. गोदीत शिरलं ती तारीख १९ जुलै १९७०, म्हणजे जलावतरणाचीच तारीख, १२७ वर्षांनी.

वर्तमानपत्रातल्या पत्रानं एवढं होऊ शकतं, म्हणून मीही हे लिहायला बसलो.

पण खरं सांगायचं तर माझ्या मनात हे पत्र तळाशी लोखंड बघताना सुरू झालं नाही. ते सुरू झालं वरच्या मजल्यावर. जहाजाच्या पोटात प्रवाशांच्या खोल्या पुन्हा उभ्या केल्यात. पहिल्या वर्गाचा जेवणाचा दिवाणखाना आहे, तो मी भराभर बघितला. श्रीमंतांचे दिवाणखाने सगळीकडे सारखेच असतात. खरी गंमत खालच्या वर्गात. फळ्यांच्या बर्थ इतक्या चिंचोळ्या की कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलायला लागेल. भटारखाना, दवाखाना, डेकवर गायीगुरांचे खण. वाससुद्धा मुद्दाम सोडलेत, कुठं ताज्या पावाचा, कुठं ओकारीचा. सुमारे १५,००० माणसं या जहाजातून ऑस्ट्रेलियाला कायमची राहायला गेली. त्यातली पुष्कळशी गरीब, परत कधी न येणारी. त्यांच्या रोजनिश्या, पत्रं, नावांच्या याद्या संग्रहालयानं गोळा केल्यात. ऑस्ट्रेलियातून माणसं येतात आणि आपल्या खापरपणज्याचं नाव शोधतात. माझ्या शेजारी एक वयस्क बाई नातवाला एका बर्थपाशी उभं करून हळू आवाजात काही सांगत होत्या. त्यांचं बोलणं मला सगळं कळलं नाही, पण त्या काय सांगत असतील ते कळलं.

तिथूनच मी घरी आईला व्हिडिओ कॉल लावला. वय झालंय, डोळ्यांना कमी दिसतं. जहाजाची लांबी, इंजिन, काचेचा समुद्र, हे मी उत्साहानं सांगत होतो. तिनं एकच विचारलं, “चढायचं कुठनं रे?” मी लोक आत येतात तो पूल दाखवला, रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. ती म्हणाली, “हे काय चढणं झालं? आमची बोट बंदरात यायचीच नाही.” आणि मग फोनवर अर्धा तास ती बोलत राहिली.

वेंगुर्ल्याला पाणी उथळ, म्हणून बोट लांब समुद्रात उभी. किनाऱ्यावरून माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या, सगळं पडावात, म्हणजे वल्ह्यांच्या होडीत, बसवून वल्ही मारत बोटीपर्यंत न्यायचं. लाटेवर पडाव वरखाली, बोटीची शिडी जागच्या जागी. पडाव लाटेबरोबर वर आला की खलाशी ओरडायचा, “टाक पाय!” त्याच क्षणाला पाय शिडीवर पडला पाहिजे. लुगडं सावरायचं की हात द्यायचा? लहान मुलं तर या हातातून त्या हातात चेंडूसारखी जायची. “खाली बघू नको म्हणायचे. खाली न बघता पाय ठेवायचा कुठं?” हे ती अजून रागानं सांगते. वर गेल्यावर डेकवर वळकटी पसरायची, जागा धरायची, कारण रात्र तिथंच काढायची. ज्याला बोट लागायची त्याच्यासाठी लिंबू, आवळकाठी. इंजिनाचा गरम तेलकट वास, त्यात मासळीच्या टोपल्यांचा. आणि पहाटे मुंबईचे दिवे दिसायला लागले की सगळा डेक उठून एका बाजूला गर्दी करायचा आणि कप्तानाची माणसं ओरडत यायची, की एकीकडे होऊ नका, बोट कलते.

हे सगळं कुठं आहे, महोदय? माझ्या आईच्या डोक्यात आहे आणि तिच्या वयाच्या माणसांच्या डोक्यात आहे. दुसरीकडे कुठंही नाही.

ज्या बोटींतून कोकणातल्या, घाटावरच्या, गोव्याच्या कित्येक पिढ्या मुंबईला गेल्या, गिरण्यांत लागल्या, शिकल्या, चाकरमानी झाल्या, त्यातली एकही बोट आज उभी नाही. चंद्रावती, चंपावती, रोहिणी, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं साठीच्या पुढच्या लोकांना घरच्या माणसांसारखी पाठ आहेत. गोऱ्यांच्या कंपनीला टक्कर द्यायला आपल्या माणसांनी सहकारी कंपनी काढली, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आणि बोटींना संतांची नावं दिली. तुकाराम आणि जयंती या बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या. रामदास १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. महिन्याभरानं देश स्वतंत्र झाला आणि त्या गदारोळात ही घरं आपापल्या अंगणात रडत राहिली. १९८० च्या दशकाच्या शेवटी बोट सेवा बंद पडली ती पडलीच. एवढ्या मोठ्या घडामोडीला आपल्या किनाऱ्यावर चार भिंतींचीही जागा नाही.

आपल्याला जहाज जपण्याची संधीच मिळाली नाही असं नाही. नौदलाची विमानवाहू नौका विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उघडी होती, मी स्वतः मुलीला खांद्यावर घेऊन तिच्या डेकवर हिंडलोय. २०१२ साली सुरक्षेच्या कारणावरून ती बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचं तर दुखणं आणखी जवळचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ती निवतीच्या समुद्रात आणून संग्रहालय करायला ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. निवती म्हणजे वेंगुर्ले तालुका. बेळगावच्या पेपरात ती बातमी वाचून आम्ही आनंदानं एकमेकांना फोन केले होते. २०२० साली विराट तोडण्यासाठी गुजरातेत अलंगला गेली.

एवढी मोठी जहाजं आणि एवढे मोठे आकडे यांच्यामागे लागलो म्हणून हातात काही उरलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लोखंडी जहाज पाण्यात तरंगतं ठेवून जपायचं म्हणजे आयुष्यभर गंजाच्या मागे धावायचं, आणि त्या धावण्याला दरवर्षी पैसा लागतो. उद्घाटनाच्या दिवशी तो असतो, सातव्या वर्षी नसतो. ब्रिस्टलच्या लोकांनी आधी जहाज कोरड्यावर घेतलं, मग त्याच्यावर काच घातली, आणि तिकिटाचा, देणग्यांचा पैसा त्या कोरड्या हवेच्या यंत्रांवर न चुकता खर्च करत राहिले. तिकीट एकदा काढलं की वर्षभर चालतं, त्यामुळे गावातली माणसं पाहुणा आला की पुन्हा येतात.

निवतीजवळच निवृत्त युद्धनौका गुलदार पाण्याखाली ठेवून संग्रहालय करण्याची योजना सरकारनं हाती घेतली आहे. तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तरुण पोरं पोहायला, बुडी मारायला येतील, चार घरांना रोजगार मिळेल. पण पाण्याखाली माझी आई जाणार नाही. ज्यांचा हा इतिहास आहे त्यांच्यापैकी कुणीच जाणार नाही. त्यांच्यासाठी जमिनीवर, चालत जाता येईल असं काहीतरी हवं.

म्हणून मागणं असं. वेंगुर्ल्याच्या बंदरावर कोकणच्या प्रवासी आगबोटींचं संग्रहालय करा. सुरुवातीला जहाज नसलं तरी चालेल. खऱ्या मापाचा एक पडाव ठेवा आणि त्याच्या शेजारी बोटीच्या कुशीचा तेवढाच तुकडा, शिडीसकट. पडाव खालून यंत्रानं वरखाली हलू दे. शाळेतल्या मुलांना त्यातून शिडीवर पाय टाकू द्या, खाली जाळी बांधून. डेकचा एक भाग करा, तिथं वळकट्या पसरू द्या. रामदासमध्ये गेलेल्यांची जेवढी नावं मिळतील तेवढी एका भिंतीवर लिहा. इंजिनखोलीचा नमुना करा, फिरता. ब्रिस्टललाही मूळ इंजिन नाही; त्यांनी पूर्ण मापाचा नमुना करून तो विजेवर फिरवलाय आणि बघणाऱ्यांची गर्दी सगळ्यात जास्त तिथंच होती.

जहाज मिळालं तर पुढे बघा. अंदमानला, लक्षद्वीपला जाणारी जुनी प्रवासी जहाजं आयुष्य संपलं की तोडायला जातात. पुढचं जहाज निवृत्त होईल तेव्हा ते अख्खं मागू नका. वेंगुर्ल्याच्या उथळ पाण्यात ते येणारही नाही. त्याचा डेकचा भाग, सुकाणू, भोंगा, बर्थ, जीवरक्षक होड्या, पंखा, एवढं तोडण्याआधी मिळावं म्हणून सागरी मंडळानं आत्ताच केंद्राला लिहून ठेवावं. आणि जे येईल ते छपराखाली ठेवा. समुद्राकडे तोंड करून उघड्यावर ठेवलेलं लोखंड बघायला सुंदर दिसतं, पण खारा वारा त्याला दहा पावसाळेही सोडत नाही.

लोकांनी सांगितलेल्या गोष्टी गोळा करणं मात्र लांबणीवर टाकता येणार नाही. बोटीतून आलेगेलेले लोक आता सत्तरी-ऐंशीचे आहेत. खलाशी, तांडेल, पडाव वल्हवणारे गाबीत बांधव, बंदरावरचे हमाल, तिकीटबाबू, यांच्यातले किती उरलेत ते गावोगाव जाऊन बघायला हवं. सिंधुदुर्ग, रत्नागिरीबरोबर त्या यादीत बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडही धरा. घाटावर आलेल्या लेकींकडे या आठवणी आहेत, कारण त्यांच्यासाठी बोट म्हणजे माहेरची वाट होती. माझ्या आईची लग्नातली पत्र्याची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे, तिच्या कडीला बोटीच्या सामानाची चिठ्ठी बांधल्याची सुतळी तशीच आहे. अशा ट्रंका शेकड्यांनी असतील. कुणी मागितल्याच नाहीत.

आणखी एक सांगतो, थोडं अवघड आहे. ग्रेट ब्रिटनच्या प्रवासांची यादी वाचताना एका नोंदीपाशी मी थांबलो. १८५७ साली तिनं इंग्रजांचं सैन्य मुंबईला आणलं. त्यात सतरावी लान्सर्स ही घोडदळाची पलटण होती आणि पुढच्या वर्षी ती तात्या टोप्यांच्या पाठलागावर होती. त्याच १८५८ साली आमच्या बेळगावात, इंग्रजांविरुद्ध बंड केलेले नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांना फाशी दिली. त्यांच्या बंडाशी त्या जहाजाचा संबंध होता असं मी म्हणत नाही, पण त्या सुंदर रिवेटांपुढे उभं राहून हे आठवलं आणि छातीत कळ आली. जहाज प्रेमानं जपावं आणि त्यानं काय काय वाहिलं तेही सगळं लिहावं, दोन्ही एकदम करता येतं. आपल्या संग्रहालयातही बोटी फक्त गोड आठवणींच्या असू नयेत. कंपन्यांनी किती माणसं कोंबली, इशारे असताना कोण निघालं, डेकवरच्या माणसाला कसं वागवलं, हेही भिंतीवर यावं.

फलक मराठीत तर असावेतच, मालवणीतही असावेत, आणि कन्नडमध्येही. हे मी बेळगावातून लिहितोय आणि पूर्ण समजून लिहितोय. भाषेसाठी भांडणारे आम्ही, आम्हाला माहीत आहे की आपल्या भाषेत फलक नसला म्हणजे माणसाला काय वाटतं. वेंगुर्ला रोडनं फक्त मराठी माणूस गेला नाही. आमच्या शेजारच्या कन्नड शाळेची सहल कारवारला जाते, तिथं टागोर किनाऱ्यावर चपल ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय करून ठेवली आहे, आमची मराठी शाळेतली मुलंही तिथं जातात आणि आनंदानं परत येतात. उद्या त्या दोन्ही शाळांच्या बस आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला उतरल्या पाहिजेत.

खर्चाचं म्हणाल तर बेळगावला त्यातला वाटा उचलू द्या. देणगीचं मी बोलत नाही, ती ज्याची त्यानं द्यावी. मी कामाचं बोलतोय. आमच्याकडे ओतकाम आहे, मशीनिंग आहे, हायड्रॉलिक्स आहे. पडाव वरखाली हलवायचं यंत्र, इंजिनाचा फिरता नमुना, शिडीची घडण, हे उद्यमबागेत होऊ शकतं आणि चांगलं होऊ शकतं. माझ्या ओळखीच्या काही कारखानदारांशी मी बोललोय, निवृत्त झालेले टर्नर, फिटर, पॅटर्नमेकर तयार आहेत. मजुरी मागणार नाहीत. फक्त जुन्या बोटींचे आराखडे आमच्याकडे नाहीत. ते कुठल्या कपाटात असतील तर तुमच्याच.

तेव्हा विनंती एवढीच, की पावसाळा संपून घाट मोकळा झाला की या विषयावर पहिली बैठक वेंगुर्ल्यात बोलवा, मुंबईत नको. नगरपरिषदेनं बंदरावरची कुठली जागा देता येईल ते त्याआधी ठरवावं आणि मंडळानं बोटींचे जे काही नकाशे, फोटो, नोंदवह्या दप्तरात असतील त्यांची यादी घेऊन यावं. आम्ही बेळगावकर खाली उतरून येऊ. ज्या म्हाताऱ्यांना प्रवास झेपणार नाही त्यांचं बोलणं आम्ही त्याआधी घरोघर जाऊन रेकॉर्ड करायला घेतलं आहे, ते सोबत आणू. बैठकीची तारीख कळवावी.

आपला,
एक निवृत्त यंत्र-कारागीर
उद्यमबाग, बेळगाव